चौलकरबाईंची बरणी

अर्णव आणि तन्वी,

या पार्सलमध्ये डिंकाचे लाडू, तुमच्या आईने मागवलेला गोडा मसाला आणि एक निळी कापडी थैली आहे. लाडू खायचे असतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थैलीबद्दल मात्र सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा. मध्येमध्ये तिला हसू येईल, तेव्हा जरा थांबा.

थैलीचे टाके वाकडे आहेत. एका कोपऱ्यात तर दोरा तिथल्या तिथेच चार वेळा फिरलाय. कुणी ते उसवून नीट करायला जाऊ नका. ज्यांनी ते घातले, त्या चौलकरबाईंनी आयुष्यभर सरळ टाके घातले आणि शेकडो मुलींना घालायला लावले. पण या वाकड्या टाक्यांइतका आनंद त्यांना दुसऱ्या कुठल्या शिवणाने झालेला मी पाहिला नाही.

आत मूठभर दगड आहेत, आणि ते तुमचेच आहेत. मागच्या वेळी बदलापूरला आलात तेव्हा सोनिवलीला नव्या बिल्डिंगांसाठी पाया खणत होते. त्या मातीच्या ढिगातून तुम्ही गारगोट्या वेचल्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरल्यात, आणि विमानात वजन होईल म्हणून आईने तो डबा माझ्या बाल्कनीत ठेवायला लावला. तन्वी रडली होती. तेव्हा ते दगड मातकट, ओबडधोबड होते. आता ओळखू येणार नाहीत.

चौलकरबाई तुम्हाला आठवत असतील. समोरच्या दारातल्या आजी. गळ्यात शिवणाची टेप घालूनच त्या दार उघडायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी तन्वीच्या फ्रॉकची बाही चिमटीत धरली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोनदा चोळली आणि म्हणाल्या, "अस्तर चांगलंय गो, पण वरचं कापड पहिल्या धुण्यात आटणार." तुमच्या आईला ते आवडलं नव्हतं. फ्रॉक आटला, हेही तिनेच मला नंतर फोनवर सांगितलं.

लोक नमस्कार करतात, हात मिळवतात. बाई कापड चोळायच्या. कुणीही भेटलं की आधी पदर, ओढणी, शर्टाची कड. खालच्या मजल्यावरचे पवार, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, एकदा नवा शर्ट घालून जिन्यात भेटले.

"प्युअर कॉटन आहे बाई," ते अभिमानाने म्हणाले.

बाईंनी कड चोळली. "मिक्स आहे."

"लेबल दाखवू?"

"लेबल काय, मीसुद्धा छापून घेईन. या इकडे."

आणि त्यांनी त्या भल्या माणसाला स्वयंपाकघरात नेलं, शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढला आणि गॅसवर धरला. धागा जळून राख होण्याऐवजी आकसला आणि टोकाला एक काळी गोळी झाली. "राख झाली तर कापूस, गोळी झाली तर प्लास्टिक," बाई म्हणाल्या. हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आजोबा ते वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यांबद्दलसुद्धा वापरतात. बाई नेहमीच बरोबर असत असंही नाही. माझ्या लग्नातल्या शालूला त्यांनी नकली ठरवलं आणि तो अस्सल निघाला. "बरं झालं, खात्री झाली," म्हणून त्या मोकळ्या झाल्या. माझ्या पदराचा एक धागा मात्र फुकट गेला.

त्या मूळच्या अलिबागकडच्या. लग्न होऊन उल्हासनगरला आल्या आणि विठ्ठलवाडीच्या बस डेपोजवळ एका माळ्यावरच्या खोलीत त्यांनी शिवणक्लास काढला. निम्म्या मुली सिंधी, निम्म्या मराठी. त्या मुलींमुळे आणि बाजारातल्या दुकानदारांमुळे बाईंच्या बोलण्यात सिंधी शब्द आले. 'चला' म्हणायचं असलं की त्या 'हलो' म्हणत. टाका चुकला, हलो, उसवा आणि पुढे. दुकानदार त्यांना 'अदी' म्हणत, म्हणजे ताई. क्लासचा नियम असा होता की पहिला महिनाभर मशीनला हात लावायचा नाही. बाई मुलींच्या हातात कापडाचे तुकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा गो. बोटांना बघू द्या."

तुम्ही परत गेलात, आणि गणपतीच्या आधी बाईंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर परत आलं. पायही आला. उजवा हात हलायला लागला, मूठ वळायला लागली. पण त्या हाताला कळेना. गरम, गार, मऊ, खरखरीत, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "हालचाल येईल. स्पर्शाचं मात्र आज सांगता येत नाही. बोटांना काम देत राहा."

मी भेटायला गेले तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. मी जवळ जाताच सवयीने त्यांचा उजवा हात पुढे आला आणि त्यांनी माझा पदर धरला. चोळला. पुन्हा चोळला.

"वहिनी, हे काय आहे?"

"साडी आहे बाई."

"साडी आहे ते दिसतंय मला. कापड कुठलं?"

मी सांगणार होते, पण त्यांनी मान हलवली. पदर सोडून दिला. "दुसऱ्याचा हात लावल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. त्या दिवशी गळ्यात टेप नव्हती. त्यांचा मुलगा नितीन मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "काकू, टेप तिनेच कपाटात ठेवायला लावली. म्हणाली, दिसायला नको." चालता येतं की नाही, बोलता येतं की नाही, याची बाईंना फारशी काळजी नव्हती. बोटं परत मिळतील की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टर यायचा. त्याने मऊ रबराचा चेंडू दिला. बाईंनी तो आठवडाभर दाबला आणि मग माझ्यादेखत खाटेखाली भिरकावला. "चेंडू टाका, चेंडू आणा. आता शेपटी तेवढी फुटायची राहिली."

"अहो बाई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"वहिनी, हा चेंडू काल जसा होता तसाच आज आहे. यातून बोटांनी काय शोधायचं?"

दुसऱ्या दिवशी मी तुमचा श्रीखंडाचा डबा घेऊन गेले. चेंडूपेक्षा वेगळं काहीतरी हातात धरायला मिळावं, एवढाच विचार होता. बाईंनी एकेक दगड आधी डाव्या हातात घेतला. "ही खरखरीत. ही जरा कमी. हिला इथे खाच आहे." मग तेच दगड उजव्या हातात घेतले आणि एकेक फिरवून पाहिला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे गुळगुळीत होत असतील का हो?"

मग मी त्यांना अर्णवने दाखवलेल्या त्या व्हिडिओबद्दल सांगितलं. आडवं ठेवलेलं छोटं पिंप, आत दगड, पाणी आणि घासायची पूड. पिंप दिवसरात्र हळूहळू फिरतं आणि दगड एकमेकांना घासून चकचकीत होतात. "आजी, तुझ्याकडे हे मशीन पाहिजे," अर्णव, तू म्हणाला होतास, आणि मी म्हटलं होतं की माझ्याकडे मिक्सर आहे तेवढा पुरे. बाईंनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला.

"म्हणजे दगड रोज थोडा बदलणार," त्या म्हणाल्या. "आज खरखरीत, उद्या जरा कमी. मग रोज बोटांना नवीन प्रश्न. लेलेसाहेबांना बोलवा."

लेलेसाहेब म्हणजे तुमचे आजोबा. अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी असं तातडीने बोलावलं नव्हतं. ते पॅंट बदलून गेले.

मशीन असं झालं. लोणच्याची मोठी, रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी हे आमचं पिंप. ती आडवी ठेवायला खाली दोन फिरते रूळ हवे होते, म्हणून दोन लाटणी. एक बाईंचं, एक माझं. माझं आवडतं होतं, पण मी काही बोलले नाही. लाटण्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, म्हणजे बरणी घसरणार नाही. बरणीच्या झाकणातून पाणी गळू नये म्हणून त्याच ट्यूबची एक रिंग कापायची होती. आजोबांनी कात्री उचलली तर बाई म्हणाल्या, "ठेवा ती. कापायचं काम माझं." आणि डाव्या हाताने, जीभ दातात धरून, त्यांनी ती कापली. फार सुबक नव्हती. झाकण बसलं, गळलं नाही.

मोटर कुठून आणायची? बाईंनी स्वतःच्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं.

नितीन कारखान्यातून आला तर त्याच्या आईचं मशीन उघडं आणि मोटर लाटण्याला जोडलेली. "आई! हे काय केलंस? आता शिवणार कशावर?"

"आधी बोटं येऊ देत. बोटं नसताना त्या मोटरीची काय आरती ओवाळू?"

बरणी फिरायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत घरभर जळका वास आला. शिलाईची मोटर थोडा वेळ चालवायची असते, मध्ये थांबते, पुन्हा चालते. सतत चालायला ती बनवलेलीच नसते. ती जळाली. आजोबांचा चेहरा पडला. नितीनने खिडक्या उघडल्या. बाई जळक्या मोटरकडे बघत बसल्या आणि मला वाटलं, संपलं हे आता. पण त्या म्हणाल्या, "हलो. रिक्षा बोलवा. उल्हासनगरला जाऊ."

मी बरोबर गेले. बाजारात शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं एक जुनं दुकान आहे. मालक लछमनदास, पांढरे केस, गल्ल्यामागे बसून चहा फुंकत होते. बाईंना पाहून उठून उभे राहिले. त्यांच्या दोन्ही मुली बाईंच्या क्लासच्या.

"अदी! किती दिवसांनी! तब्येत कशी?"

"तब्येत राहू द्या. मला मोटर पाहिजे. दिवसभर चालणारी, पण सावकाश."

"काय शिवणार दिवसभर?"

"शिवायचं नाही. दगड घासायचेत."

लछमनदासांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अदी, इथे सगळ्यांनी दगडाने जीन्स घासली. जीन्सच्या पॅंटी धुवायला मोठ्या ड्रममध्ये दगडच टाकायचे ना. आणि आता तू दगडानेच दगड घासणार?"

"पॅंट फाटायची भीती नाही," बाई म्हणाल्या.

ते इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. मग त्यांनी आतून धागा गुंडाळायच्या मशीनची एक मोटर काढली. "ही थकत नाही. थंड डोक्याची आहे, माझ्यासारखी. एक पत्थर मेरे लिये भी, समझी?"

मोटर आली. आजोबांनी एमआयडीसीतल्या जुन्या ओळखीतून घासायची पूड मिळवली. तीन तऱ्हेची: जाड, मध्यम, बारीक. मी डब्यांवर व्यवस्थित नंबर लिहिले. बाईंनी ते खोडून लिहिलं: जाड रवा, बारीक रवा, मैदा. नितीनच्या बायकोने 'मैदा' शंकरपाळ्यांसाठी ताटात काढला होता, तिला वेळीच थांबवलं.

मग एक दिनक्रम सुरू झाला, आणि मी शिस्तीची बाई असल्यामुळे मला तो फार आवडला. रोज सकाळी, चहा झाल्यावर, बाई मशीन बंद करायला लावायच्या आणि बरणी उघडायच्या. व्हिडिओतला माणूस म्हणत होता की आठवडाभर उघडू नका. बाई म्हणाल्या, "लोणचं रोज बघतो आपण, हे का नाही?" एक दगड काढून धुवायचा. डोळे मिटायचे. दगड उजव्या हातात.

"काही कळतंय?" मी विचारायचे.

"नाही."

मग तोच दगड डाव्या हातात. "आज कडा मोडल्यात. काल ही बोचत होती." आणि डोळे उघडून, "हलो. लावा झाकण."

रोज हेच. आज? नाही. हलो. पहिले काही दिवस मला त्या 'नाही'ची धास्ती वाटायची. पुढे मी बाईंकडून शिकले की 'नाही' हे फक्त त्या दिवसाचं उत्तर असतं.

आवाज मात्र होता. सुपात कुणीतरी सतत काहीतरी पाखडत असल्यासारखा. पवार दोनदा वर येऊन गेले. आणि मग ते तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या पॅंटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले होते.

"बाई, तुम्ही सिंकमध्ये सिमेंट ओतताय का?"

झालं होतं असं, की बरणीतला राखाडी चिखल बाई रोज स्वयंपाकघराच्या मोरीत ओतत होत्या. तो पाइपात बसून दगडासारखा घट्ट झाला, आणि वरच्या सगळ्यांचं खरकटं पाणी पवारांच्या सिंकमधून वर आलं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "प्लंबर मी बोलावते."

"प्लंबर येईल हो. पण हे मशीन बंद करा. निवासी इमारत आहे ही, कारखाना नाही. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेणार हा विषय."

बाई प्रथमच घाबरलेल्या मी पाहिल्या. डावा हात त्यांनी बरणीवर ठेवला होता, जणू कुणी ती उचलून नेणार होतं. "पवार, अजून मैदा राहिलाय," एवढंच म्हणाल्या. पवारांना अर्थातच काही कळलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी, आमच्याकडे दुरुस्तीसाठी जाते तशी, वीज गेली. बरणी थांबली. दुपारी बाईंच्या दाराची कडी वाजली. पवारांच्या आई, नव्वदीच्या आसपासच्या, नातसुनेचा हात धरून जिना चढून आल्या होत्या.

"तुमचं ते बंद का आहे?" त्यांनी विचारलं.

"वीज गेलीय आजी. त्रास होतो ना आवाजाचा?"

"त्रास? अगं, गावाला आमच्या घरात जातं होतं. पहाटे आई दळायची, मी तिच्या मांडीवर. किती वर्षांनी मला दुपारची झोप लागायला लागली होती. आज बसलेय टक्क जागी."

मीटिंग झाली. विषय आला की नाही मला ठाऊक नाही, कारण पवारांनी जिन्यात भेटून फक्त इतकंच सांगितलं, "चिखल मोरीत नाही. बादलीत. आणि दुपारी दोन ते चार बंद ठेवू नका, आई रागावते." तेव्हापासून चिखल बादलीत निवळायचा, आणि वाळला की आजोबा तो पिशवीत भरून सोनिवलीच्या ढिगावर टाकून यायचे. जिथून आला तिथेच गेला.

जाड रवा झाला, बारीक रवा झाला, मैदा झाला. दगड इतके मऊ लागायला लागले की मला ते हातातून ठेववेनात. पण ओले असतानाच चमकायचे, वाळले की मंद. शेवटचा टप्पा राहिला होता: चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडून आणलेली पांढरी पूड. यात एकच पथ्य. आधीच्या पुडीचा एकही जाड कण आत जाता कामा नये. गेला, तर सगळ्या दगडांवर ओरखडे. बरणी आम्ही इतकी घासली की तिच्यातून लोणच्याचा उरलासुरला वासही गेला. आजोबा म्हणाले, "झाकणाची रिंगही नवी कापू."

"कशाला? चांगलं आहे की रबर," बाई म्हणाल्या. शिवणाऱ्या माणसाला काही टाकवत नाही. त्यांच्याकडे क्लासच्या पहिल्या वर्षीची बटणं आहेत. "मी धुतेय ती."

या वेळी मात्र त्यांनी बरणी रोज उघडली नाही. पूर्ण आठवडा थांबल्या. उघडायच्या दिवशी नितीन शिफ्ट संपवून थेट आला होता, पवारांच्या आई खुर्चीत बसल्या होत्या, आजोबांनी स्वच्छ पंचा पसरला होता. बरणी पंचावर उपडी केली.

दगड चमकत नव्हते. वाळल्यावर तर स्पष्टच दिसलं. प्रत्येकावर बारीक, केसासारख्या रेघा. महिन्याहून जास्त दिवसांचं काम.

पवारांच्या आई म्हणाल्या, "छान आहेत की," पण त्यांना दिसत कमी.

"कुठून तरी एक कण राहिला," आजोबा म्हणाले. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली. मी झाकण पाहिलं. काही नव्हतं. बाईंनी रिंग मांडीवर घेतली होती. मन दुसरीकडे असलं की त्या ब्लाउजच्या गळ्याची पट्टी बोटांतून फिरवत जायच्या, कुठे चुणी पडलीय का ते बघायला. तशीच ती रबराची रिंग फिरवत होत्या. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, अश्रू थांबवताहेत.

बोटं थांबली. थोडी मागे आली. पुन्हा पुढे गेली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "इथे काहीतरी आहे."

मी वाकून पाहिलं. काळ्या रबरावर काळंच. मला काही दिसेना. आजोबांनी भिंग आणलं. ओबडधोबड कापलेल्या कडेच्या एका खाचेत, साखरेच्या दाण्याहूनही लहान, एक कण रुतून बसला होता. जाड रव्याचा.

"सापडला चोर!" आजोबा म्हणाले. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

नितीन हळूच खाली बसला. "आई, कुठल्या हाताने कळलं?"

बाईंनी डोळे उघडले. आपल्या मांडीकडे पाहिलं. रिंग उजव्या हातात होती. अंगठा आणि तर्जनी.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "डोळे मिटले होते माझे."

नितीनने त्यांचे डोळे आपल्या तळव्याने झाकले. रिंग फिरवून पुन्हा हातात दिली. "शोध." बोटं निघाली, सावकाश, आणि त्याच जागी येऊन थांबली. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा फिरवायला गेला तर बाईंनीच त्याचा हात बाजूला सारला. "पुरे. परीक्षा घेतोस आईची?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या आणि इतक्या रडल्या की पवारांच्या आईंनी घाबरून विचारलं, "काय गं, फुटले का दगड?"

त्या दिवशी आमच्या मजल्यावर शिरा झाला. वाया गेलेल्या दगडांचा एवढा सोहळा दुसऱ्या कुठे झाला नसेल.

नवी रिंग आजोबांनी कापली. दगड पुन्हा मैद्यात गेले, पुन्हा पांढऱ्या पुडीत, आणि या वेळी पंचावर ते आले ते असे, की खोलीतला दिवा प्रत्येकात वेगळा दिसत होता. लाल, मधाच्या रंगाचे, एकात धुक्यासारखा निळा पट्टा. लछमनदासांसाठी निळा पट्टावाला वेगळा काढला. तन्वी, तुझा हट्टाचा मोठा दगड लाल निघालाय. तुम्हाला थैलीत एक दगड ओरखड्यांचा, बिनचमकीचा सापडेल. तो चुकून आलेला नाही. बाईंनी तो दुसऱ्यांदा बरणीत टाकूच दिला नाही. "हा असाच जाऊ दे मुलांकडे," म्हणाल्या.

सगळं एकदम बरं झालं असं समजू नका. बोटांना खरखरीत आधी कळलं, मऊ फार उशिरा. कधी कळायचं, कधी नाही. सुई धरली की गळून पडायची, बाई शिव्या घालायच्या, पुन्हा धरायच्या. पण टेप कपाटातून बाहेर आली. एका सकाळी दार उघडलं तर ती गळ्यात होती. तुमची थैली हे त्या हाताचं पहिलं शिवण. क्लासमधल्या एखाद्या मुलीने असे टाके घातले असते, तर बाईंनी काय म्हटलं असतं ते मी इथे लिहीत नाही.

मग नितीनला तळोजाला चांगली नोकरी लागली आणि त्यांनी तिकडे घर घेतलं. ते गेले त्या दिवशी मी खाली टेम्पोपाशी उभी होते. बरणी, लाटणी आणि मोटर बाईंनी सामानात जाऊ दिली नव्हती. चादरीत गुंडाळून पायाशी ठेवली होती. त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. पवारांच्या आई गॅलरीत. मी म्हटलं, "तिकडे मोरीत काही ओतू नका."

"तुम्ही या मग बघायला." खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. उजवा. त्यांनी माझा पदर धरला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, दोनदा चोळला. डोळे मिटले.

"कॉटन म्हणून घेतलीत ना?"

"प्युअर कॉटन आहे बाई. खादी प्रदर्शनातली. लेबल आहे."

"मिक्स आहे," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला, "हलो."

टेम्पो वळणावरून गेला. मी वर आले. लेबल शोधून वाचलं. त्यावर कॉटनच छापलेलं होतं. मग पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढला आणि गॅस पेटवला.

धागा आकसला. टोकाला एक गोळी झाली. ती निवल्यावर मी तळहातावर घेतली आणि डोळे मिटून बोट फिरवलं. एवढीशी, कडक, आणि अगदी गुळगुळीत.